कोठीतले स्केट्स

अहो,

तुमचे स्केट्स ज्वारीच्या कोठीत आहेत. तीन दिवस तुम्ही घरभर शोधताय आणि मी भाजी निवडत गप्प बसलेय. मीच लपवले. ललितनं चाळीसगावहून फोन करून सांगितलं, आई, भंगारवाल्याला देऊन टाक. उचलून दारापर्यंत गेलेही होते. मग परत येऊन कोठीत ठेवले.

मागे ट्रॅकवर पडून मनगट मोडलं तेव्हा तुम्ही सहा आठवडे खुर्चीत बसून होतात, एक शब्द न बोलता. हाडापेक्षा त्याचीच मला जास्त भीती वाटली. या तीन दिवसांत पुन्हा तसंच तोंड झालंय तुमचं. सदुसष्टाव्या वर्षी तुम्हाला अडवणं मला जमत नाही, आणि जा म्हणायचा धीर होत नाही.

निदान डॉक्टरांनी सांगितलं तेवढं करा. आधी दहा मिनिटं चाला. मनगटाचे गार्ड घरी बांधता आणि कोपऱ्यावर काढून स्कूटरच्या डिकीत टाकता, हे मला माहीत आहे. ते बांधलेलेच राहू द्या. पोरांशी शर्यत नको.

चहा पातेल्यात आहे, गरम करून घ्या.

रात्री वारं सुटलं होतं. ट्रॅकवर निंबोळ्यांचा सडा पडला असेल, आणि मागे तुम्ही घसरलात ते निंबोळीवरूनच. म्हणून खराटा घेऊन मी पुढे गेलेय. तुम्ही येईपर्यंत अर्धा तरी झाडून होईल. तेवढ्यातच फिरा. मला बघून हात करू नका, तोल जाईल.

यशोदा