पातळ कापलेला बर्फ

भाऊ, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की लोणावळ्यातला तो बर्फाचा कारखाना आता कुणाला आठवतही नाही. मला आठवतो. मी तुमची लेक, पण सगळ्यांसारखी तुम्हाला भाऊच म्हणायचे. कामशेतच्या गिरणीतून आलेलं भाताचं तूस, त्यात पुरून ठेवलेल्या लाद्या, आणि गोणपाटावर करवत घेऊन बसलेले तुम्ही. लादीच्या पोटातला पांढरा भाग हॉटेलवाले परत पाठवायचे. तो पांढरा का, असं मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "कोंडलेला वारा हाय त्यो. त्यो काडून टाक. चकत्या पातळ काप, कडा साफ कर." माझी एक कड तिरपी गेली तेव्हा सगळ्यांदेखत करवत हिसकावून घेतलीत. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या हाताला बसेल अशी लहान करवत करून आणलीत.

पुढे शिकून मी परदेशी प्रयोगशाळेत लागले. "येवढं शिकून बरफच व्हय गं?" म्हणून तुम्ही खूप हसला होतात. तिथे ध्रुवाकडच्या बर्फात खोल भोक पाडून काढलेले त्याचेच लांब दांडे येत. त्यांच्या बुडबुड्यांत फार जुनी हवा अडकलेली असते. उंचावर हवा विरळ, म्हणून तुकड्यात हवा किती हे मोजलं की तो बर्फ पडला तेव्हा तिथला बर्फाचा थर केवढा उंच होता हे कळतं. तुकडे मी कापत असे. माझा हात सगळे वाखाणायचे. त्याच कामात असताना तार आली. कारखान्यातल्या अमोनियाने पोखरलेली तुमची छाती अखेर थांबली होती. मी आले नाही. अंत्यविधीला पोचले नसतेच, आणि दांड्यांचं काम थांबणार नव्हतं.

काही वर्षांनी कळलं, की कापताना कडेचे बुडबुडे फुटतात आणि त्यांतली हवा निसटून जाते. चकती जितकी पातळ, तितकी हवा कमी भरते. माझ्या चकत्या सर्वांत पातळ होत्या. आमच्या आकड्यांत तो थर होता त्याहून उंच दिसत होता. मोजायला बर्फ वितळवावाच लागे, त्यामुळे पुन्हा मोजायला काहीच उरलं नव्हतं. तुम्हाला न भेटता काढलेली ती सगळी वर्षं वाया गेली, भाऊ. त्यानंतर कशातच जीव रमला नाही. कुसगावला आपल्या घरी परत आले, दिवस ढकलते आहे.

हे कागद टपालात टाकायचे नाहीत, कुणी वाचणार नाही, म्हणून खरं ते लिहिते. चूक कळली तेव्हा प्रयोगशाळेतल्या साहेबांनी अगदी साधेपणाने विचारलं होतं, इतकं पातळ कापायला कुणी शिकवलं? मी म्हणाले, कुणीच नाही. तुम्हाला बोल लागू नये म्हणून तसं म्हटलं, अशी मी मनाची समजूत घालत आले. खरं तर मला तुमची लाज वाटली होती.