जनान्याच्या दारातला हात

माय, काल नांदेडला सिनेमाच्या दारात मी खोटं बोलले आणि पकडले गेले. या वयात. पकडलं कुणी, तर माझ्या नातीनं, म्हणजे तुझ्या पणतीनं. चार वर्षांची पोर. तेव्हापासून मी जी हबकलेय ती अजून ताळ्यावर आलेली नाही. सकाळपासून दोनदा दूध उतू गेलं. लेक विचारते, आई, तुला झालंय तरी काय? तिला काय सांगणार? जे सांगायचं ते तुला आहे, आणि तुला जाऊन पंचवीस वर्षं होत आली. तरी लिहायला बसले. तुला अक्षरओळख नव्हती, पण तुझं पत्र आलं की मी वाचून दाखवायची, तसंच हेही वाचते आहे असं समज.

शाळेला सुट्टी लागली म्हणून मी लातूरहून लेकीकडे आलेय. ती म्हणाली, पोरीला सिनेमा दाखवू. मोबाइलवर तिकिटं काढताना तिनं तीन म्हटलं, तर मी म्हणाले, तीन कशाला, पोरगी मांडीवर बसेल की. लेक हसायला लागली. म्हणाली, आता तसं नसतं, तीन वर्षांच्या पुढे पूर्ण तिकीट लागतं. अर्धंसुद्धा नाही, पूर्ण. मग तिनं एका तिकिटाचा भाव सांगितला आणि माझे डोळे पांढरे झाले. मी हट्टाला पेटले. दोनच काढ म्हणाले, दारावर बाई असली तर मी बघून घेते. माझं सारं लहानपण सिनेमाच्या दारात गेलेलं, मला कोण अडवतंय, असा तोरा.

पहिला दणका पिशवीपाशी बसला. पिशवी तपासणाऱ्या बाईनं फडक्यात बांधलेले धपाटे बाहेर काढले आणि म्हणाली, बाहेरचं खाणं चालत नाही. मी म्हटलं, बाई, बाहेरचं नाही, घरचं आहे. मी अगदी सरळ मनानं बोलले होते, पण रांगेतले सगळे हसले. धपाटे तिथंच टेबलावर राहिले, पाण्याची बाटलीही राहिली, आणि माझ्या हातात एक बिल्ला आला. आत पाण्याचा भाव विचारला, तर एका बाटलीच्या पैशात आमच्याकडे चार दिवसांची भाजी येते. मक्याच्या लाह्यांचा पुडा तिकिटाहून महाग. माय, लाह्या. मी त्या काउंटरपुढे तोंडात बोट घालून उभी राहिले. मला तुझा टॉकीजातला पाण्याचा रांजणच आठवला.

तो दुष्काळ मला आठवत नाही, तेव्हा मी तुझ्या अंगावर पीत होते. पण तू इतक्यांदा सांगितलंस की पाहिल्यासारखा वाटतो. औशाकडचं गाव सोडून तू मला घेऊन लातूरला आलीस. माझे वडील तिकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होते. खायला सरकारी सुकडी आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. टॉकीजच्या मालकाला जनान्यासाठी बाई हवी होती, कारण बायकांच्या बाजूच्या दारावर बाप्या चालत नसे आणि चांगल्या म्हणवणाऱ्या घरांतली बाई सिनेमाच्या नोकरीवर यायला तयार नव्हती. म्हणून बौद्धवाड्यातल्या तुला ती मिळाली. तिकीट फाडायचं, दिवे गेले की जनान्यापुढचा पडदा सारायचा, दिवे आले की परत ओढायचा, आणि रांजण भरून ठेवायचा. त्या उन्हाळ्यात खडी फोडणाऱ्या बाया हप्त्याच्या बाजारादिवशी थर्डाचं तिकीट काढून यायच्या. गोष्टीसाठी नाही, तीन तासांची सावली आणि रांजणातलं गार पाणी यासाठी. काही जणी तर पडद्यावर सिनेमाचं नाव पडायच्या आधी झोपून जायच्या. मालकानं एकदा हिशेब मांडला की पाण्याच्या पेल्याला पैसे लावावेत, टँकरला पैसे पडतात. तू म्हणालीस, "मालक, तिकीट पडद्याचं हाय. पाण्याचं न्हाई." बाया पदरात भाकरी बांधून आणतात, मग कँटीनचे भजे कोण घेणार, म्हणून तो कुरकुरला, तेव्हा तू म्हणालीस की अंधारात कोण काय खातंय ते तुला दिसत नाही. तुझी नजर तर अशी की अंधारात सुईत दोरा ओवायचीस.

आणि तो तुझा हात. तिकिटाच्या खिडकीवर पाटी होती, 'मांडीवरच्या मुलांस तिकीट नाही.' मांडीवरचं म्हणजे किती वर्षांचं, ते कुणी लिहिलं नव्हतं. तू दारात डावा हात आडवा धरायचीस. जे लेकरू त्या हाताखालून जाईल ते मांडीवरचं. मी मोठी होत गेले तसं मला कळायला लागलं की तो हात एका जागी राहत नाही. बाजार बरा असला तर तुझ्या कमरेशी, पीक बुडालं की छातीशी. नापिकीच्या एका साली तर तो तुझ्या खांद्याच्याही वर गेला आणि चांगल्या परकर नेसणाऱ्या पोरी गुडघ्यात वाकून, आयांच्या पदराआड, बदकांसारख्या आत गेल्या. मला फार हसू आलं. मालकाला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण बाया यायच्या म्हणून त्यांचे बाप्येही यायचे, तेव्हा तोही गप्प. सरकारी माणसाची भीती नव्हती. जिल्हा तिकडे उस्मानाबादला, करमणूक कराचा साहेब कधी वर्षाकाठी यायचा, तोही आधी सांगून.

मग लातूर जिल्हा झाला. मी पाचवीत होते. गावात गुलाल उधळला, शाळेत आम्हाला पेढे मिळाले. नवी हापिसं आली, नव्या पाट्या लागल्या आणि करमणूक कराचा साहेब चालत येण्याच्या अंतरावर येऊन बसला. मालकानं जनान्याचा दर वाढवला, पाट्या रंगवल्या. तुला बजावलं, आता हात खाली ठेव. तू ठेवला नाहीस. त्या साली पाऊसही धड नव्हता.

तो साहेब आला तो मॅटिनी सुटताना, न सांगता. जनान्यात जाता येत नाही म्हणून दारातच उभा राहिला आणि बाहेर येणाऱ्या पोरी आणि फाटलेली तिकिटं यांचा मेळ घालू लागला. मी शाळेतून येऊन रांजणापाशी उभी होते. तेवढ्यात एक शेतकऱ्याची बायको तिच्या पोरीला घेऊन बाहेर आली. दहा वर्षांची पोर, झोपेचं सोंग घेऊन आईच्या खांद्यावर, आणि पाय पार आईच्या गुडघ्यांखाली लोंबकळताहेत. साहेबानं विचारलं, हिचं तिकीट? तू म्हणालीस, मांडीवरची हाय साहेब. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, मी दिसले, माझ्या पाठीवर दप्तर. मऊ आवाजात विचारलं, बाळ, तू ओळखतेस का हिला? आणि मी म्हणाले, "ही माझ्या वर्गात आहे. पाचवीत."

एवढंच बोलले. तुझ्याकडे पाहिलं नाही. मालक धावत आला, हातापाया पडला, दंड भरतो म्हणाला, सगळं तुझ्यावर ढकललं. तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. साहेबाला म्हणालीस, "पोरगी खरं बोलायली साहेब. तिला खोटं येत न्हाई. चूक माझी हाय." ती पोर खांद्यावरून उतरली होती आणि रडत होती. संध्याकाळच्या खेळाआधी तुझी नोकरी गेली.

घरी जाताना मार बसणार म्हणून मी अंग चोरून चालत होते. तर तू कँटीनपाशी थांबलीस. दहा वर्षं तू तिथं काम केलंस, पण तिथला एक भजा विकत घेतला नव्हतास, महाग आहे म्हणायचीस. त्या दिवशी कनवटीचे पैसे काढलेस आणि कागदात भजे बांधून घेतलेस. माझ्या हातात पुडा दिलास. म्हणालीस, "खा. खरं बोललीस. बाबासायबाची लेक शोभतीस." तू स्वतः एकही घेतला नाहीस.

त्यानंतर तू डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जाऊ लागलीस. ती भुकटी, तो खोकला, जो शेवटपर्यंत गेला नाही. आणि त्या खोकल्यातही तू ही गोष्ट सांगायचीस. विहारात, लग्नात, माझ्या नोकरीचा कागद आला त्या दिवशी अख्ख्या गल्लीला. म्हणायचीस, माझ्या लेकीच्या एका खऱ्यापायी माझी नोकरी गेली, पण मला त्याचं दुःख न्हाई. लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मी मान खाली घालायची, त्यांना वाटायचं पोरगी विनयशील आहे. माय, मी पुढे शिक्षिका झाले आणि मूल्यशिक्षणाच्या तासाला हीच गोष्ट किती वर्षं मुलांना सांगत आले. मुलं टाळ्या वाजवायची.

काल दारावर गणवेशातली एक पोरगी होती. तिकिटाचा मोबाइल बघून तिनं नातीकडे पाहिलं आणि विचारलं, आजी, बाळ किती वर्षांचं? मी बेधडक म्हणाले, अडीच. नात माझा हात सोडून पुढे झाली, चार बोटं वर केली आणि म्हणाली, "नाही. मी चार वर्षांची आहे." तिच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. राग नाही, भीती नाही, मला खाली पाडण्याचा डाव नाही. चार होते म्हणून चार. मी त्या तोंडाकडे बघतच राहिले. माय, खरं बोलणारं लेकरू कसं दिसतं ते मी काल पहिल्यांदा पाहिलं.

त्या गणवेशातल्या पोरीनं मागे वळून साहेब दिसतोय का ते बघितलं. मग हळूच म्हणाली, जाऊ द्या आजी, मांडीवर घ्या. आणि दाराचा पट्टा उचलून धरला. डाव्या हातानं. मी म्हटलं, नको बाई, तुझी नोकरी जाईल, आम्ही तिकीट काढतो. लेक माझ्यावर चिडली. एवढं महागाचं तिकीट, ती सोडत होती, तुलाच दोन काढायची होती, मग आता काय झालं? मी तिसरं तिकीट काढलं. नातीनं सगळा सिनेमा माझ्याच मांडीवर बसून पाहिला, तिसरी खुर्ची रिकामीच राहिली.

आता तुला कधी न सांगितलेलं ते सांगते. करमणूक कराचा साहेब आला त्याच्या तीन दिवस आधी वर्गात ती खांद्यावरची पोर सगळ्यांसमोर म्हणाली होती, हिची माय टॉकीजात पाणी देती, पण आमची माय तिच्या हातचं घेत न्हाई, आम्ही घरून तांब्या नेतो. सगळ्या हसल्या होत्या. मी घरी येऊन तुला सांगितलं नाही. मग मी लक्ष ठेवून पाहिलं. खरंच होतं. ती बाई पोरीला तुझ्या हाताखालून फुकट आत न्यायची आणि रांजणापाशी आली की पदर सावरून बाजूनं जायची. तुला ते दिसत होतंच, अंधारात सुई ओवणारी तू. तरी तिच्या पोरीसाठी हात वर धरायचीस. तो दर कुठल्या बाजारातला, मला तेव्हाही कळला नाही, आजही नाही. साहेबानं विचारलं तेव्हा त्या जनान्यातून माझ्या ओळखीच्या आणखी चार पोरी वाकून बाहेर पडल्या होत्या. त्यांच्याबद्दल मी एक शब्द काढला नाही.

हे पत्र मी घडी करून पर्समध्ये ठेवणार आहे, त्या धपाट्याच्या बिल्ल्याशेजारी. बिल्ला परत द्यायचा राहूनच गेला, धपाटे तिथंच राहिले. नात आत्ता विचारून गेली, आजी, काय लिहितेस? मी तिला सांगितलं, माझ्या मायला लिहितेय की मी खोटं बोलले. तिला वाटलं, कालचं.

मी बोलले ते खरं होतं, माय, पण खरं म्हणून बोलले नव्हते. त्या वर्गातल्या पोरीला रडवायचं होतं, आणि ती रडली. आणि ते भजे मी सगळे खाल्ले. छान लागले होते.