गाडी न रुतणारं रान

करमाड, दि. ९ ऑगस्ट २०२५

चि. ओवीस, यमुनाआत्याचे अ. आ.

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद काढला. भाची इंजिनियर झाली, आता आत्याशी बोलायला तिला कुठली फुरसत!

परवा तुमच्या ऑफिसातली तीन माणसं रानात आली. विचारणं नाय, पुसणं नाय, सरळ मोसंबीत घुसली. बुंध्यांना लाल रंग फासला, कच्ची फळं तोडून चाखली, आंबट लागली म्हणून विहिरीत थुंकली. गुटखा वेगळाच. लई शिसारी आली मला. म्हणतात, हे शिवार आता शहराच्या हद्दीत गेलं, इथं बांधकाम खात्याचं यार्ड होणार. रोडरोलर, खडी, डांबराची पिंपं.

सासर सोडून आले तेव्हा तुझ्या आजोबांनी हे दोन एकर माझ्या नावावर केले. त्याच्याशिवाय माझं म्हणून काय आहे, सांग? तू तर दर सुट्टीत इथंच लोळायचीस. ही जागा कुण्या मेल्यानं निवडली, तेवढं शोधून कळव.

वेळेवर जेवत जा. डब्यात रोज ब्रेड नेऊ नको.

तुझ्यावर जीव असलेली,
यमुनाआत्या

गारखेडा, दि. १४ ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. न.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. जागा कुणी निवडली ते सांगणं अवघड आहे, फाइल दहा टेबलांवरून फिरते. पण एक उपाय आहे. एकवीस तारखेला हरकतींची सुनावणी आहे. ये, आणि सांग की पावसाळ्यात रानात गुडघाभर पाणी साचतं, ट्रॅक्टरसुद्धा रुततो. यार्डाला टणक जमीन लागते, दलदल म्हटलं की जागा बाद. आजोबांचं, मोसंबीचं काही बोलू नको, तिथं ते कुणी ऐकत नाही.

मीही तिथं असेन, घाबरू नको. आणि ब्रेड नाही गं, पोळीच नेते.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ओवी

गारखेडा, दि. २२ ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. न.

काल सुनावणी संपताच तू मला न भेटता निघून गेलीस. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, मी काय करणार होते? नोकरी लागून वर्षही झालं नाही. माझाच अहवाल खोटा म्हटलं असतं तर घरी बसवलं असतं मला. मोबदल्याचं मी जातीनं बघीन. रागावू नकोस ना.

तुझी ओवी

करमाड, दि. ३ सप्टेंबर

चि. ओवीस,

पुढं आशीर्वाद लिहायला हात होईना.

तू पढवलंस तसंच मी बोलले. एवढ्या माणसांत उभी राहून माझ्या रानाला नावं ठेवली. मीच त्याला चिखल म्हणाले, दलदल म्हणाले, तिथं काय डोंबल पिकतंय म्हणाले. तीस वर्षं ज्याच्यावर जगले, त्याला!

मग साहेबांनी जागेचा अहवाल वाचला. वर हातभर काळी माती, खाली मुरूम, कितीही धो धो कोसळला तरी घटकाभरात पाणी निचरतं, भरली गाडी रुतत नाही. मी चमकलेच. हे तर माझं बोलणं! तू सहावीत असताना बांधावर बसून कवतिकानं तुला मीच सांगितलेलं. आणि खाली सही तुझी. साहेबांनी तुला विचारलं, बाई खरं बोलतात की अहवाल? तू मान खाली घालून म्हणालीस, अहवाल. लोक फिदीफिदी हसले.

ते तिघं थुंकले त्याची किळस काहीच नाय, ओवी. खोटं तूच शिकवायचं आणि खोटारडी पण तूच ठरवायची! तुझी किळस येते. तुझं ऐकलं म्हणून माझी त्याहून जास्त येते. घरी आले तर झाडांत जायची लाज वाटली.

खरं सांगू? ते अहवाल वाचत होते तेव्हा मला उठून म्हणावंसं वाटलं, व्हय साहेब, अस्संच आहे माझं रान. त्या सगळ्या हॉलात त्याच्याबद्दल खरं तेवढंच बोललं गेलं.

हरकत फेटाळल्याचा कागद काल आला. दिवाळीनंतर झाडं पाडणार म्हणतात. शेवटची तोडणी मी एकटी करीन. तू येऊ नको.

यमुना