दादाच्या शेजारची चौकट

लाडके धाकटे,

तुझ्या ताईचा गालावर एक पापा आणि पाठीत एक धपाटा (गेल्या पत्राला उत्तर न दिल्याबद्दल). खोकला गेला का? मी बरी आहे, म्हणजे या वयात जेवढं बरं राहू देतात तेवढी.

दादाच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून मी कॉम्प्युटरवर आपला वंशवृक्ष काढायला घेतला. सोपं असतं गं. प्रत्येकाच्या नावाची चौकट करायची, चौकटी नात्याच्या रेषांनी जोडायच्या आणि ‘आपोआप मांडणी’ हे बटण दाबायचं. सॉफ्टवेअर सगळ्यांना रांगेत बसवतं. रेषांनी एकमेकींना छेदू नये एवढाच त्याचा आग्रह. (आपल्या घराण्यात दुसऱ्याला आडवं गेल्याशिवाय कुणाला घास गिळत नाही, हे त्याला कोण सांगणार?) एका रेषेचा बाण मी उलटा काढला, तर मोठे काका स्वतःच्या जावयाखाली जाऊन बसले. आपल्या कॉन्व्हेंटमधल्या भूमितीच्या सिस्टरनी पट्टीच हाणली असती!

आता तुझं. बाबांच्या आरामखुर्चीवरून तुझा आणि दादाचा अबोला (खुर्ची वाळवीने खाल्ली, भांडण ठणठणीत), म्हणून दादाने बजावलं होतं, “तिला त्यात घ्यायचं नाही.” मला राहवेना. तुझी चौकट टाकली, पण रेषा जोडायचा धीर झाला नाही. बटण दाबताच सॉफ्टवेअरने तुला बिननात्याची समजून पार कोपऱ्यात भिरकावलं, आणि तिथपर्यंतचं सगळं एका कागदावर मावावं म्हणून उरलेलं घराणं मुंग्यांएवढं केलं. मी तसंच छापायला नेलं. दादाही आला (भेट गुपित ठेवायची असते हे त्याला मान्य नाही).

“यात मी कुठाय?” त्याने भिंग मागवलं.

“हा ठिपका तुम्ही,” छपाईवाला म्हणाला. “आजोबा, त्या कोपऱ्यातल्या चौकटीमुळे सगळे बारीक झालेत. एक तर ती काढा, नाहीतर जोडून घ्या.”

दादाने भिंग तुझ्या नावावर धरलं. तीन अक्षरांचं नाव वाचायला माणसाला किती वेळ लागावा!

“पुसू?” मी विचारलं.

“आईबाबांच्या चौकटीला जोड. पण तुटक रेषेने.”

“तुटक रेषेनेही तेवढेच जवळ येतात हो,” छपाईवाला म्हणाला.

“तुला विचारलंय?”

मी तिथल्याच कॉम्प्युटरवर तुटक रेषा जोडून बटण दाबलं. सगळं घराणं टम्म फुगलं आणि तू टुणकन येऊन थेट दादाच्या शेजारी बसलीस. दादा फक्त म्हणाला, “मोठ्या कागदावर छापा.”

तुझीच,
ताई

ता. क. एवढं पाल्हाळ लावलं ते एवढ्यासाठी, की रविवारी जेवायला ये.

ता. क. २ : नव्या मांडणीत वहिनी टोकाला गेली, म्हणून ती दादाशी बोलत नाहीये. घरातली अबोल्याची जागा भरलेली आहे, तू निर्धास्त ये.

ता. क. ३ : दादा मागे उभा राहून वाचतोय. म्हणतो, मी कुणालाही बोलावलेलं नाही, हे स्पष्ट लिही. लिहिलं. आता विचारतोय, तिची गाडी किती वाजता पोहोचते. त्याला म्हणे रविवारी स्टेशनच्या बाजूला फिरायला जायचंच असतं.