नानांना ऐकू न आलेली गोष्ट

गंगाखेड,
१३ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. स्वरदा हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. रविवारी परभणीहून सुखरूप पोचलो. मांडीवर तुझ्या दुसऱ्या बक्षिसाची ढाल बघून कंडक्टरने काहीतरी विचारलं. काय विचारलं देव जाणे, मी आपला मुलगी, मुलगी म्हणत राहिलो.

आता मुद्द्याचं. स्पर्धेत आपल्या आयुष्यातली खरी गोष्ट सांगायची आहे आणि आई चाळिशीत सायकल कशी शिकली ते सांगणार, असं तू कळवलं होतंस. यंत्र लावूनही आता मला काही ऐकू येत नाही. म्हणून पहिल्या रांगेत बसून, लोक कुठे कुठे हसतात ते बघायला मी मागे वळलो. हसलं कुणीच नाही. बाया डोळ्यांना पदर लावायल्या होत्या, आणि मग एकेक जण माझ्याकडेच बघायला लागला. कार्यक्रम सुटल्यावर एका अनोळखी बाईने माझा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. तुझी आई सायकलसकट दुसऱ्याच्या ओसरीत शिरली होती, यात रडण्यासारखं काय आहे?

तिला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. बिचारी हाक मारायच्या आत गेली, त्रास झाला नाही, तेवढ्या समाधानावर दिवस काढतो आहे.

गोष्ट सांगितलीस तशीच लिहून पाठव. मोबाईलवर नको, ती मुंगीएवढी अक्षरं मला लागत नाहीत. टपाल खात्यात जन्म गेलेल्या माणसाला पत्रच बरं. लोभ आहे, तो पत्रातून दिसू दे.

तुझा,
नाना


जिंतूर,
१९ फेब्रुवारी २०२४

ती. नानांना शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इकडे सगळे ठीक. विवेकला खोकला झाला होता, उतरला. प्राचीची परीक्षा जवळ आली आहे, त्यामुळे अभ्यास सोडून तिला बाकी सगळं सुचतं आहे.

गोष्ट सायकलचीच होती, नाना. आई आता नाही हे शेवटी सांगितल्यावर लोकांना भरून आलं, इतकंच. तुम्ही समोरच होतात म्हणून तुमच्याकडे बघत होते. ती लिहून काय पाठवायची, तुम्हाला तर तोंडपाठ आहे. शेंगदाण्याची चटणी पाठवते आहे, ती मात्र पुरवून खा. आमच्यावरचा लोभ चटणीपेक्षा जास्त टिकवा.

तुमची,
स्वरदा


गंगाखेड,
२४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. स्वरदा हिस आशीर्वाद.

वि. वि. चटणी पोचली. गोष्ट पोचली नाही.

काल शेजारच्या नागनाथच्या मोबाईलवर तुझ्या स्पर्धेचं चित्रण आलं. मी म्हटलं, लाव, निदान तुला बघतो. त्याने लावलं, थोडं ऐकलं आणि बंद केलं. का, म्हणून विचारलं तर पाटीवर लिहून दाखवलं की आवाज लय खराब हाय. आवाज खराब आहे हे तो मला सांगतो, मला! मग तोंड फिरवून त्याने डोळे पुसले.

पोरी, सभागृहभर परक्या माणसांना जे कळलं ते मला कळू नये, एवढा मी परका झालो का? तुझ्या आईची, हेमाची गोष्ट असेल तर ती माझीही आहे. वाईट असली तरी लिही. लोभ असेल तर खरं लिहिशील.

तुझा,
नाना


जिंतूर,
२ मार्च २०२४

ती. नानांना शि. सा. न. वि. वि.

मी सायकलचीच गोष्ट तयार केली होती, प्राचीची शपथ. पण माईकसमोर उभी राहिले, तुम्ही दिसलात आणि सायकल डोक्यातून गेली. मला हे तुमच्यासमोरच बोलायचं होतं आणि तुम्हाला ऐकूही येऊ द्यायचं नव्हतं. वर्षभर ते छातीवर घेऊन फिरत होते, तिथे बाहेर पडलं.

त्या संध्याकाळी आई न्हाणीजवळ उभी राहून माझ्याशीच फोनवर बोलत होती. छातीत कळ आली म्हणाली आणि फोन खाली पडला, पण चालू राहिला. नाना, ती हाक मारायच्या आत गेली नाही. ती हाका मारत होती. यंत्र शिट्टी मारतं म्हणून काढून ठेवून तुम्ही पुढच्या खोलीत पेपर वाचत होतात. आधी नुसतं अहो, अहो. मग, जरा इकडे या हो. मी इकडून ओरडत होते. विवेकच्या फोनवरून नागनाथकाकांना कळवलं, ते भिंतीवरून उडी मारून आले, हे तुम्हाला माहीत आहे. ते येईपर्यंत मी काय ऐकलं ते माहीत नव्हतं.

आईने कधी तुमचं नाव घेतलं नाही. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की मला पुढे ढकलायची. त्या दिवशी मात्र शेवटी तिने काशीनाथ अशी हाक मारली. एकदाच, स्पष्ट. मग काही नाही.

ती झटक्यात गेली, हे पाटीवर मीच तुम्हाला लिहून दिलं होतं. तुम्ही त्याच्यावर जगत होतात, म्हणून पुसवलं नाही. लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. तरी असू द्या.

तुमची,
स्वरदा


गंगाखेड,
७ मार्च २०२४

चि. सौ. स्वरदा हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र मिळालं. दोन दिवस नागनाथच्या घरचा डबा तसाच परत पाठवला. आधी तुझा राग आला, मग त्या यंत्राचा, मग माझा. तुझ्यावरचा गेला. बाकीचे दोन राहतील.

ती एकटी गेली असं मला वाटायचं. तू होतीस, कानाने का होईना. ते ओझं तू वर्षभर एकटीने वाहिलंस, याचं मला फार वाईट वाटतं. आता लोकांना हाक मारायच्या आत गेली असं सांगणार नाही.

लग्नात उखाणा घेताना तिने माझं नाव घेतलं होतं म्हणे. तेव्हा कान शाबूत होते, पण नेमका ताशा कडाडला. त्यानंतर तिने ते कधी उच्चारलं नाही. त्या दिवशी उच्चारलं, तर मी पेपर वाचत होतो. परभणीला स्टेजवर तू ती हाक तशीच मारून दाखवली असशील, आणि मी मूर्ख, लोक हसतात का ते बघत मागे वळून बसलो होतो.

लोभ कुठे जात नाही, तू ये. रविवारी ये. माझ्यासमोर बस आणि तिने मारली तशी हाक एकदा मार. ऐकू येणार नाही, ठाऊक आहे. मी तुझ्या तोंडाकडे बघेन.

तुझा,
नाना