तिसऱ्या मजल्यावरचं हिरवं रोशन

३ नोव्हें. ०६, शुक्र.
सकाळपासून अ. बलदचा, म्हणजे जेद्दाच्या जुन्या गावाचा, नकाशा पसरून बसलेत. (नवऱ्याचं नाव वहीत पुरतं लिहायचं नाही ही आईची खोड. मलाही लागली.) मराठी मंडळाची बलद-फेरी डिसेंबरात. हाजींची गर्दी वाढायच्या आत उरकायची. जेद्दात नवीन आलेले, व्हिजिटवर आलेले आईबाप, सगळ्यांना जुन्या गावातून पायी हिंडवायचं, घरं दाखवायची. गेली कितीतरी वर्षं हे काम ह्यांचंच. बाब मक्काच्या वेशीपासून सुरू, बाब जदीदच्या वेशीला संपतं.

मी म्हटलं, अहो, यंदा दुसऱ्या कोणाला सांगा. तर म्हणाले, "का? मला काय झालंय?"

काय झालंय! उन्हाळ्यात गेलो तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, कडेची नजर गेली आहे, ती आता येत नाही, गाडी सोडा. ह्यांच्या कऱ्हाडच्या मामांचं, बापूंचं, असंच सुरू झालं होतं. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं, मग काहीच. आज बापू ओसरीवर बसून पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखतात. अ. ना हे सगळं ठाऊक आहे. तरी मला काय झालंय.

९ नोव्हें., गुरु.
ठरलंय ते असं: लेकीला, मिठूला, सांगायचं नाही. मार्चमध्ये तिची बारावीची बोर्डाची परीक्षा, इथल्याच सेंटरवर. तोवर कोणालाच सांगायचं नाही. कंपनीला कळलं तर आंधळा सर्व्हेअर कोण ठेवील? ह्यांचा इकामा, इथे राहायचा परवाना, गेला की माझा आणि मिठूचा त्याच्या पाठोपाठ. कफीलच्या, म्हणजे ह्यांच्या मालकाच्या, एका सहीवर तीन माणसं, एक फ्रीज आणि फिजिक्सची गाईडं कार्गोत.

"समोरचं मला लख्ख दिसतं," अ. म्हणतात. "दुर्बिणीला डोळा लावायचा असतो गं, त्याला कडेचं काय करायचंय?"

तेवढंच बरं, असं मी पण म्हणते. रोज.

२४ नोव्हें., शुक्र.
खरेदी. जाताना येताना मी पुटपुटत असते. डावीकडून जीएमसी गाडी. उजवीकडे पोरं. थांबा. थांबा म्हटलं ना! मागे मिठू कानात गाणी घालून बसलेली, तिला वाटतं आईला बडबडायची सवय आहे. वाटू दे.

रत्नागिरीला मी आठ वर्षं मारुती चालवली. घाटातून चालवली. लायसन अजून पर्समध्ये आहे, बाईच्या फोटोसकट. आणि इथे बायकांना गाडी चालवायची बंदी, म्हणून मी शेजारी बसून, ज्याला दिसत नाही त्याला रस्ता सांगते. लिमोझिनने जाऊ म्हटलं तर म्हणतात, दारात गाडी असताना टॅक्सी कशाला म्हणून लोक विचारतील. लोक! मेले ते लोक.

१ डिसें., शुक्र.
दरवर्षी फेरीच्या आधीच्या शुक्रवारी अ. एकटे जाऊन सगळा रस्ता तपासून येतात. कुठे खोदलंय, कुठे दार बंद झालंय. आज गेले नाहीत. चला, मी येते, म्हटलं. तर, "काही गरज नाही. बलदमध्ये मी डोळे मिटून चालेन."

हे बोलले आणि नकाशाची घडी घातली. मग भाजी कुठली करतेस म्हणून विचारलं. पडवळ म्हटलं.

८ डिसें., शुक्र. दुपारी
लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

सकाळी लवकर पोचलो. दुकानं बंद, गल्ल्या मोकळ्या. वीस-बावीस माणसं. केळकर, त्यांच्या सासूबाई (पुण्याहून आलेल्या आजी, पायात बूट, बुरख्यासारख्या अबायाखाली नऊवारी), नवीन आलेली दोन जोडपी, मिठू आणि तिच्या मैत्रिणी. दरवर्षी मी सगळ्यात मागे, शेपूट. यंदा पाण्याच्या बाटल्या घेऊन ह्यांच्या बाजूला पुढे. पायरी आली की बाही ओढायची, असं ठरलेलं.

सुरुवात फार छान झाली, तेच वाईट वाटतं. अ. नी सगळ्यांना भिंतीवर हात ठेवायला लावला. "हा दगड खाणीतला नाही. समुद्रातला आहे, पोवळ्याचा. बोटांना शिंपल्यांच्या खुणा लागतील." आजींनी गालच लावला भिंतीला. मग अलावीच्या बाजारातून वर, जुन्या मिनाराची मशीद बाहेरून, मग कडुलिंबाच्या झाडाचं ते मोठं घर. एके काळी अख्ख्या गावात हे एकच झाड, म्हणून पत्ता सांगायचा तर झाडापासून सांगायचे. लोक हसले. हातात गुंडाळलेला पेपर, तो उंच धरायचा की सगळे गोळा होणार. आवाज असा की मागच्याला ऐकू जावा आणि पोलिसाला नाही. मला वाटलं, उगाच घाबरले मी.

मग उजवीकडची गल्ली. ह्यांचं लाडकं घर तिथे. दरवर्षी सगळ्यात जास्त वेळ तिथेच. पूर्वी आगबोटीने मुंबईहून येणारे कोकणातले हाजी त्या घरात उतरायचे, असं ह्यांना तिथल्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याने सांगितलेलं. दापोलीचे, मुरूडचे लोक त्या जाळीआडून रस्ता बघत बसायचे.

अ. पाठ भिंतीला टेकून उभे राहिले, जागा अचूक. पेपर वर केला. "आता तिसरा मजला बघा. असं पुढे आलेलं लाकडी जाळीचं सज्जासारखं जे आहे, त्याला रोशन म्हणतात. अख्ख्या गल्लीत हिरवं एवढंच. खालच्या पट्टीवरची नक्षी बघा, द्राक्षाचा वेल आहे."

समोर पत्र्याचं कुंपण. त्याच्यावरून दोन काळी तुळयांची टोकं. बाकी आभाळ.

घर जळून गेलं होतं. आम्ही उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा कधीतरी जळलं असणार. मलाही तिथेच कळलं. बाही ओढायची होती, पण मी पाण्याच्या बाटल्या धरून उभी.

कोणीतरी खुसकन हसलं, गंमत करतायत असं वाटून. केळकर म्हणाले, "कुठे हो?"

"अहो, वर बघा वर. खाली काय बघताय?"

सगळे वर बघायला लागले. खरंच सांगते, बावीस माणसं माना वर करून आभाळ बघत उभी. 

मग मिठू. "बाबा, देअर इज नो हाउस देअर."

पेपर हळूहळू खाली आला. अ. म्हणाले, "हो का." एवढंच.

आजी म्हणाल्या, "असेल हो, आधी असेल. त्यांनी बघितलंय ना."

"पुढे चला," अ. म्हणाले, आणि पुढची फेरी पुरी केली. एक वळण चुकलं नाही, एक शब्द अडला नाही. पण घरं कोणी बघतच नव्हतं. सगळे ह्यांनाच बघत होते.

९ डिसें., शनि.
काल घरी येताना मी डावं-उजवंही हळूच सांगत होते आणि मिठूने कानातलं काढून ठेवलं होतं. ऐकत होती सगळं.

घरी येऊन दार लावल्यावर मी विचारलं, समोरचं लख्ख दिसतं ना? मग?

तेव्हा बोलले. मधलंही धुरकटलंय. रमझानपासून. साइटवर दुर्बिणीत ह्यांचा मदतनीस गुल मोहम्मद बघतो, आकडे मोठ्याने वाचतो, अ. लिहून घेतात. तो पठाण इतकी वर्षं बरोबर आहे, एका शब्दाने विचारलं नाही त्याने. कंपनीला वाटतं साहेब बढती झाल्यासारखे नुसते उभे राहतात.

म्हणजे माझ्याशी पण खोटं. रमझानपासून मी ह्यांच्याबरोबर गाडीत बसतेय, पोरीला मागे बसवतेय, समोरचं तरी दिसतं ह्या भरवशावर. मी खूप बोलले. नको नको ते बोलले. आंधळे तर आंधळे, लबाड कशाला झालात, हे पण बोलले.

म्हणाले, "तू घाबरली असतीस."

आता काय मी नाचतेय?

१३ डिसें.
मिठूने इंटरनेटवर आजाराचं सगळं वाचून काढलं. मला विचारते, "मम्मा, मुझे भी होगा क्या?" डॉक्टरांनी सांगितलंय की मुलींना सहसा नाही, पण तपासून घ्या. सहसा. मी तिला म्हटलं, नाही होणार, तू केमिस्ट्री कर.  खोटं बोलायला मी पण शिकलेच की.

२२ डिसें., शुक्र.
मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन. ह्यांच्या नाही, बरोबर माझ्या मोबाइलवर. "वहिनी, फेब्रुवारीत रियाधचे लोक येतायत, त्यांना बलद दाखवायचंय. तर ह्या वेळी केळकर करतील म्हणतायत. साहेबांना जरा आराम." फार गोड बोलले. तब्येतीची चौकशी दोनदा.

अ. नी बाहेरून विचारलं, "कोणाचा गं?" माझ्या क्लिनिकमधून, म्हटलं.

संध्याकाळी पॅसेजमध्ये येरझाऱ्या चालल्या होत्या. ओठ हलत होते. झाडाचं घर, उजवीकडे वळा, इथे एक घर होतं, हिरवं रोशन होतं... रियाधवाल्यांची तयारी. कोणीतरी आधीच सांगितलं असणार येणार म्हणून. कपाळ माझं. मी सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

१४ जाने. ०७, रवि.
आज सकाळी शाळेच्या रस्त्यावर. नारंगी कपड्यांतला झाडूवाला, बंगाली, ढकलगाडी घेऊन कडेने चाललेला. मी "उजवीकडे" म्हणेपर्यंत गाडी लागलीच. ढकलगाडीतलं पिंप उडून रस्त्याच्या मधे गेलं. तो पडला, उठला, कपडे झटकले. त्याला काही झालं नाही. काही झालं नाही. वीतभर इकडे असता तर...

आणि तो आमची माफी मागत होता. "सॉरी साब, सॉरी मॅडम." चूक नसताना. पोलीस येऊ नये म्हणून. अ. स्टिअरिंग धरून समोर बघत बसलेले, त्यांना तो कुठे उभा आहे तेच समजत नव्हतं. सॉरी भलत्याच बाजूला म्हणाले.

मिठू उतरली. "आय अ‍ॅम नॉट सिटिंग इन धिस कार अगेन." पाठीवर दप्तर, अबाया वाऱ्याने उडतेय, चालायला लागली शाळेकडे. मी तिच्या मागे. अ. गाडीत एकटे.

त्यांनी गाडी घरी आणली कशी ते मी विचारलं नाही. साइटवर मात्र रोज जातायत. माझ्याशिवाय. डावं-उजवं सांगायला कोणी नाही. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये आवाज आला की मग मी कुकर लावते.

१० फेब्रु., शनि.
कंपनीचा कागद आला. इकामा रिन्यूअलची मेडिकल, आणि ज्यांच्याकडे कंपनीची गाडी आहे त्यांची डोळ्यांची टेस्टपण. पुढच्या शनिवारी. आमच्याच पॉलिक्लिनिकमध्ये. माझ्या लॅबच्या शेजारची खोली.

अ. नी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग हळूच म्हणाले, "तो तक्ता तिथे भिंतीवरच असतो ना गं?"

कशाला विचारतायत ते कळलं मला. भांडी घासत राहिले.

"मार्चपर्यंत," म्हणाले. "मिठूचा शेवटचा पेपर झाला की मी स्वतः राजीनामा देतो. गाडीची किल्ली तुझ्या हातात देतो. देवाशपथ."

१३ फेब्रु., मंगळ.
उतरवून आणला. जेवणाच्या सुट्टीत, प्रिस्क्रिप्शनच्या मागे. सगळीकडे एकच अक्षर, इंग्रजी ई, त्याचे पाय कधी उजवीकडे, कधी वर, कधी खाली. मोठ्यापासून बारीक होत जातं. खोलीत मारिसेल होती, मनिलाची, डोळ्यांची टेस्ट तीच घेते. मला बघून हसली. "फॉर यू, सिस्टर?" हो म्हटलं.

झाडूवाल्याचा चेहरा आठवत होता आणि हात लिहीत होता.

१६ फेब्रु., शुक्र.
मिठू मैत्रिणीकडे अभ्यासाला. अ. सकाळपासून पाठ करतायत. नुसतं उजवं-खालचं डोक्यात राहीना, मग त्यांनी युक्ती काढली. तक्त्याचा रस्ता केला. पहिली ओळ बाब मक्का. उजवीकडे, म्हणजे अलावीचा बाजार. वर, म्हणजे मशिदीचा चढ. डावीकडे झाडाचं घर. चौथ्या ओळीत जिथे ई वर तोंड करून आहे तिथे म्हणतात, "इथे मान वर. हिरवं रोशन." आणि पुढे.

दोन तासांत एक चूक नाही. ह्यांचा आवाज फेरीतल्यासारखा लागला होता, कितीतरी दिवसांनी. मलाही हसू आलं. मग रडू आलं, म्हणून चहा टाकायला गेले.

केळकरांची रियाधवाल्यांची फेरी आजच होती. अ. ना कळलं असणार. विषय काढला नाही.

ह्यांना एक माहीत नाही. तो तक्ता खिळ्याला अडकवलेला असतो आणि त्याला मागची बाजू आहे. तिथे ई वेगळे आहेत. कोणी फार भराभर म्हणायला लागलं की मारिसेल तो उलटवते. मी लॅबच्या दारातून कितीदा बघितलंय. नेहमी उलटवते असंही नाही.

मागची बाजू मंगळवारी मी बघितली होती. उतरवून घ्यायला वेळही होता. घेतली नाही.

उद्या साडेनऊची वेळ आहे. मारिसेलचीच ड्यूटी. आत्ता अ. आंघोळीला गेलेत, पाण्याच्या आवाजातूनही ऐकू येतंय. उजवीकडे, वर, डावीकडे, खाली.