प्लासीडकाकांचा गुरुवार

रविवार, २ मार्च १९१९

मिळाली! बँडातली तिसऱ्या कॉर्नेटची, म्हणजे छोट्या तुतारीची, खुर्ची! पक्की नाही, ईस्टरपर्यंत. ईस्टरला आम्हा काळ्या लोकांच्या मंडळाच्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम आहे; बँड मंडळाचाच. तो निभावला तर बँडात कायमचा, आणि आमचे बँडमास्तर प्रुइट वाजवतात त्या नाचाच्या हॉलवर पगारीही. म्हणजे कत्तलखान्याच्या कातड्यांच्या तळघरातून सुटका.

मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "कागदावर असेल तेच वाजवायचं. एक सूर जास्त नाही, एक कमी नाही. तुमची न्यू ऑर्लिन्सची जॅझ-बिझ माझ्या बँडात नको. शिकागोत आलायस. वाचता येतं ना?"

"येतं, मास्तर."

अगदीच खोटं नाही. अक्षरं येतात. फ्रान्सच्या बंदरात जहाजं रिकामी करायच्या पलटणीत होतो, तिथे एका पाद्र्याने शिकवली. विसरू नयेत म्हणून तर ही वही. पण बँडच्या कागदावर त्या पाच ओळींवर बसलेल्या काळ्या माश्या — त्यांतली एकही ओळखीची नाही.

प्लासीडकाका, माझे गाववाले आणि खोलीतले सोबती, बाजूलाच आपला ट्राँबोन, तो लांब सरकत्या नळीचा कर्णा, पुसत होते. ऐकून खोकले नुसते.

मंगळवार, ४ मार्च

आज आठ तास मीठ ओढलं. कातडं पसरायचं, वर फावड्याने मीठ, पुन्हा कातडं. मीठ ओठांच्या भेगांत जातं. कॉर्नेट लावली की आग आग!

ट्राममध्ये अजून सवय होत नाही. जागा रिकामी, आणि मी उभा. आम्हा काळ्यांसाठी मागे कुठे पाटी आहे ते शोधतोय, आमच्याकडे असते तशी. काका माझी बाही ओढून म्हणाले, "बस रे नूमा. इथे पाटी नाही. आठ वर्षं झाली मला, अजून सापडली नाही." बसलो. शेजारचा गोरा उठून गेला. पाटी नाही म्हणे!

टॉलिव्हरबाईंनी, म्हणजे आमच्या घरमालकिणीने, एक छापील कार्ड दिलं. दक्षिणेतून नव्याने आलेल्यांना स्टेशनवरच वाटतात. 'डोक्याला फडकं बांधून रस्त्यावर येऊ नये. पायऱ्यांवर अनवाणी बसू नये. ट्राममध्ये मोठ्याने बोलू नये.' सगळं वाचलं, अडखळत का होईना. बाई म्हणाल्या, "आमच्या आईवडिलांनी चाळीस वर्षं खपून इथे नाव कमावलं. तुम्ही लोक गाडीभर येता आणि एका उन्हाळ्यात घालवाल!"

गुरुवार, ६ मार्च

दर गुरुवारी सहाला काका मास्तरांकडे सोंगट्या खेळायला जातात. बूट चमकवून जातात, हरून येतात. आज आले आणि म्हणाले, "काढ कॉर्नेट." आपला कागद आरशाला टेकवला आणि रविवारची माझी ओळ ट्राँबोनवर वाजवून दाखवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी वाजवली. मला एवढं पुरतं. कानातून एकदा गेलं की जात नाही.

"काका, तुम्ही शिकलात कुठे वाचायला?"

"तू फुंक. चौकश्या नकोत."

रविवार, ९ मार्च

निभावलं. पान उलटायला उशीर झाला. मास्तरांनी बघितलं बहुतेक.

गुरुवार, २० मार्च

काका हरून आले. खोकला वाढलाय. तळघराच्या ओलीचा आहे.

मी म्हटलं, "आठ वर्षं हरताय, तरी जाता? तो माणूस हसत कसा नाही?"

"मनात हसतो."

मग माझी ओळ शिकवून झाल्यावर आडवे पडले आणि आपल्या गावच्या गोष्टी काढल्या. न्यू ऑर्लिन्सच्या नदीपल्याडचं आमचं आल्जियर्स. दोघांचं गाव तेच, गल्लीही जवळची. तिथे माणूस गेला की बँड हळू हळू स्मशानात नेतो. ढोलाला खालून रुमाल बांधलेला, आवाज दबका. मातीआड केलं की ढोलवाला रुमाल ओढून काढतो — माणूस मोकळा झाला! मग परतीच्या वाटेवर असं वाजवायचं की छत्र्या उघडून बायका नाचल्या पाहिजेत. मोकळं केलं नाही तर माणूस तिथेच अडकून बसतो, आजी सांगायची.

काका म्हणाले, "इथे कोणी करत नाही. नेतात आणि ठेवून येतात, पेटी टाकल्यासारखं. नूमा, मला मोकळं कर हं."

"तुम्हाला काय धाड भरलीय?"

"हो म्हण."

हो म्हटलं.

मंगळवार, १ एप्रिल

काका कामावर नाहीत. ताप. डॉक्टर म्हणाला दोन्ही फुफ्फुसं भरलीत.

गुरुवार, ३ एप्रिल

ईस्टरचे कागद मिळाले. सहा पानं! माश्याच माश्या.

काका साडेपाचला उठून बसले. "बूट दे. गुरुवार आहे." अंग तव्यासारखं. टॉलिव्हरबाई दारात खुर्ची टाकून बसल्या, "माझ्या अंगावरून जा." काका रडकुंडीला आले. सोंगट्यांसाठी!

मी म्हटलं, "राहू दे ना. कागद इथेच आहे, पडल्या पडल्या वाचून नुसतं गुणगुणा. मला पुरेल."

त्यांनी कागद हातात धरला. खूप वेळ बघत राहिले. म्हणाले, "डोळे दुखतायत रे."

शनिवार, ५ एप्रिल

प्लासीडकाका गेले. सकाळी सातला. शिफ्टचा भोंगा वाजत होता.

रविवार, ६ एप्रिल

मास्तर आले. काळा कोट, टोपी हातात. काकांच्या पलंगाकडे बघून उभेच राहिले. मग कामाचं बोलले. मंगळवारी चर्च, तिथून स्मशान. संथ भजन एकच. जाताना. परत येताना काही नाही.

मी सांगितलं. काकांनी मागितलं होतं, मी हो म्हटलं होतं.

"स्मशान इथून दहा मैल," मास्तर म्हणाले. "परत ट्रामने यायचंय. वाटेवर नाचायला वाट आहे कुठे?"

"मास्तर, एकच गाणं..."

"नूमा, त्या ट्राममध्ये गोरी माणसं असतात. त्यांना आपण माकडं दिसावं, याचीच वाट बघतायत ती. मंडळाची माणसं पांढरे हातमोजे घालून गप्प बसतात ना, त्यालासुद्धा वीस वर्षं लागली. वाजवलंस तर बँडची कोट-टोपी ठेवून जायचं. ईस्टर विसर."

टॉलिव्हरबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं." पण भांडं जोरात आपटलं.

रात्र गेली विचारात. ईस्टरची सहा पानं तशीही येत नाहीत, आता शिकवणार कोण? तरी खुर्ची ती खुर्ची. तळघर नको वाटतं. काकांची फुफ्फुसं तिथेच गेली.

मंगळवार, ८ एप्रिल

सगळं नीट लिहून ठेवतो.

जाताना भजन वाजवलं. ते मला काकांनीच शिकवलेलं. स्मशानात माती पडली. मी ढोलाकडे बघितलं — रुमालच नव्हता बांधलेला, तर काढणार काय! मास्तर म्हणाले, "बूट पुसून घ्या, ट्राम येईल."

ट्राममध्ये आमची तीस माणसं. पांढरे हातमोजे गुडघ्यांवर. टॉलिव्हरबाई माझ्याशेजारी. मागे थोडी गोरी माणसं, आणि कत्तलखान्याच्या दुसऱ्या पाळीला निघालेल्या आपल्यातल्या दोन बायका. डोक्याला फडकी. मी ठरवलं होतं, नाही वाजवायचं. खरंच ठरवलं होतं. मग ट्राम वळली आणि स्मशानाचं फाटक मागे गेलं. मनात आलं, काका बूट चमकवून फाटकाशी उभे आहेत आणि आपण निघालो.

खिशातून रुमाल काढला. कॉर्नेटच्या तोंडात कोंबला. ओढून काढला. आणि लावली तोंडाला.

आधी कोणी हललं नाही. मग मागून टाच आपटल्याचा आवाज. फडकंवाली ओरडली, "अगं बाई! कोणाला मोकळं करतायत?"

"प्लासीड व्हेरेटला!" हे मी नाही ओरडलो. मी तर फुंकत होतो. टॉलिव्हरबाई ओरडल्या! नंतर तोंडावर हात ठेवला.

फडकंवालीने ट्राममध्येच छत्री उघडली. एका गोऱ्याची टोपी उडाली. कंडक्टरने घंटा ओढली, "उतर! खाली उतर!" वाजवतच उतरलो. त्या दोघी पाळी बुडवून उतरल्या, आणखी सात-आठ जण उतरले. उरलेली वाट चालत आलो. घरांतून माणसं बाहेर आली, काही पायऱ्यांवर अनवाणीच. एक म्हातारा विचारत होता, "पोरा, कुठल्या गावचा?" ओठ फुटून रक्त आलं. थांबलो नाही.

ट्राम जाताना खिडकीत मास्तर दिसले. मान वळवली नाही. उजव्या हाताची बोटं तेवढी गुडघ्यावर हलत होती. रागाने असेल.

बुधवार, ९ एप्रिल

मंडळाची वडीलधारी माणसं टेबलामागे. मास्तर उभे.

"तुला काय सांगितलं होतं?"

"कागदावर असेल तेच वाजवायचं."

"मग?"

"कागद नव्हता, मास्तर."

कोणीतरी फिसकन हसलं. मास्तर हसले नाहीत. कोट-टोपी ठेवून आलो. आता नुसतं मीठच.

गुरुवार, १० एप्रिल

मास्तरांचा निरोप आला — सहाला घरी ये. कागद परत हवे असतील म्हणून सहाही पानं घेऊन गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात पाय टाकला. पियानो, दिवा, आणि माझा कोट खुंटीला. सोंगट्यांचा पट कुठे दिसेना, म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, "कसल्या सोंगट्या? प्लासीडला एक सूर वाचता येत नव्हता. आठ वर्षं मी इथे वाजवायचो, तो ऐकून जायचा. तू पान उलटायला उशीर केलास त्या दिवशी कळलं मला, आता तो दोघांचं पाठ करून नेतोय. बस." पियानोशेजारी खुर्ची होती. तिच्या हातांवर मिठाचे पांढरे डाग. बसलो.